बाथरूमचा चौकोन

तिचं खरं नाव ओळखपत्रावर होतं, पण ते वाचायच्या फंदात कोणी पडत नसे. सगळे तिला शिडीच म्हणत. उंचीच तशी होती. साध्या स्टुलावर उभी राहिली की तिचा हात छताला टेकायचा, आणि दुकानातला कोणी शिडी न्यायला विसरला तर मालक म्हणायचे, हिलाच घेऊन जा, घडीची नाही एवढंच.

घरोघरी जाऊन हालचाल टिपणारे सेन्सर बसवायचे, हे तिचं काम. काड्यापेटीएवढी पांढरी डबी भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात लावायची. खोलीत माणूस हलला की ती डबी दाराजवळच्या पॅनेलला सांगते आणि पॅनेल घरच्यांच्या फोनला सांगतं. पॅनेलच्या आणि फोनच्या पडद्यावर प्रत्येक खोलीचा एक चौकोन. कोणी हललं की चौकोन हिरवा, त्यात ‘हालचाल आहे’. थांबलं की राखाडी, ‘हालचाल नाही’, आणि किती मिनिटं नाही तोही आकडा. शेवटचं काम म्हणजे चालून बघणं. बसवणाऱ्याने फोन हातात धरून घरभर हिंडायचं, वाकायचं, बसायचं, आणि चौकोन बरोबर रंग बदलतात का ते बघायचं. त्या घरांचे मालकसुद्धा शिडीइतके आपल्या घरातून मन लावून चालले नसतील.

चाचणी झाली की ग्राहकाच्या डोळ्यांसमोर आपला फोन त्या घरातून काढून टाकायचा आणि कागदावर दोघांनी सही करायची, असा मालकांचा दंडक होता. त्यांच्याकडे मिशी नावाचा एक जुना कारागीर होता. काम संपून महिना झाला तरी त्याच्या फोनवर एका ग्राहकाचं घर सापडलं. त्याच संध्याकाळी त्याला घरी पाठवलं, वर या धंद्यातल्या सगळ्या दुकानांना मालकांनी जातीने फोन केले. मिशी आता व्हॅन चालवतो. नवीन आलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट कोण सांगायचं? शिडीच. तेही डोळे मोठे करून.

आणि त्या शिडीच्या फोनवर पाच महिन्यांपासून बाईंचं घर होतं.

बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मुलगा दुसऱ्या शहरात, मोठ्या कंपनीत. शिडी त्याला मनातल्या मनात चिरंजीव म्हणायची, कारण बाई त्याचा उल्लेख करताना “आमचे चिरंजीव” म्हणायच्या आणि तसं म्हणताना त्यांचा एक ओठ जरा वाकडा व्हायचा. दिवसा सलग तीन तास घरात हालचाल दिसली नाही तर आपल्या फोनवर लाल इशारा यावा, एवढं चिरंजीवांना हवं होतं. आई पडली-बिडली तर कळायला नको का, असं त्यांचं म्हणणं. तसं न झाल्यास आईने सामान बांधून त्यांच्याकडे राहायला यायचं, हेही ठरलेलं होतं. बाईंना सामान बांधायचं नव्हतं, म्हणून त्यांनी डब्यांना होकार दिला.

भांडण झालं ते बाथरूमवरून. पडायची खरी जागा तीच, असं चिरंजीव फोनवरून म्हणाले. बाईंनी शिडीला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, मी किती वेळ आत बसते हे माझ्या मुलाने बघायचं नाही. डबी लाव हवी तर, पण चौकोन दिसता कामा नये. शिडीने डोकं चालवलं. चिरंजीवांच्या पडद्यावरून सगळ्याच खोल्या काढल्या आणि ‘घर’ नावाचा एकच मोठा चौकोन ठेवला. चारपैकी कुठल्याही डबीने हालचाल टिपली की तो हिरवा. बाईंची लाज राहिली, मुलाची काळजी मिटली. त्या दिवशी शिडी स्वतःवर भलतीच खूश होती.

आता फोन काढायचा कसा राहिला, तेही सांगायला हवं. बाहेरच्या खोलीची डबी संध्याकाळच्या उन्हात हलणाऱ्या पडद्याला माणूस समजत होती. दोन दिवस नजर ठेवल्याशिवाय ती जुळवता येईना. शिडीने कागदावर ‘फोन काढला’ लिहून सही घेतली आणि फोन मात्र दोन दिवसांसाठी राहू दिला. तिसऱ्या दिवशी डबी जुळली. चौथ्या दिवशी सकाळी तिने सवयीने पडदा उघडला. सहा वाजून दहा मिनिटांनी झोपायच्या खोलीचा चौकोन हिरवा झाला, मग बाथरूमचा, मग स्वयंपाकघराचा. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला बाईंना कोणाला ‘सरक जरा’ म्हणावं लागत नव्हतं.

शिडीच्या घरी दोन खोल्या आणि ती धरून आठ माणसं. नवरा, सासू, सासरे, दीर, जाऊ, जावेची दोन पोरं. माणसं वाईट होती असं नाही, फक्त फार होती. बाथरूममध्ये शिरून कडी लावायचा अवकाश, बाहेरून दार वाजायचं. सासूबाईंना तिचं काम आवडत नव्हतं आणि ते त्या रोज वेगवेगळ्या शब्दांत सांगायच्या. रोज सकाळी ओट्याशी उभी राहून शिडी फोन भांड्यांच्या आडोशाला धरायची आणि बाईंच्या घरात जाऊन यायची. बाई उठल्या. बाई स्वयंपाकघरात. बाई आता बाहेरच्या खोलीत, बहुतेक वाचत असतील, कारण चौकोन राखाडी होतोय आणि मधूनच पान उलटल्यासारखा हिरवा होतोय. एवढंच. पण त्या एवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

हे डोकावणं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. रविवारी काढू म्हणत पाच महिने रविवार गेले.

त्या दिवशी ती आणि मालक एका डॉक्टरांच्या नव्या बंगल्यावर होते. बावीस सेन्सर, आणि डॉक्टर असे चिकित्सक, की स्क्रूचं डोकं आडवं की उभं यावरही त्यांचं मत होतं. म्हणून मालक स्वतः आलेले. येताना बसमध्ये शिडीने फोन बघितला होता. बाथरूम हिरवं, झोपायची खोली पंचवीस मिनिटं राखाडी. आंघोळ चालली असेल. पावणेदहाला दुसरी डबी लावून तिने परत बघितलं. बाथरूम हिरवं. झोपायची खोली दोन तास राखाडी, स्वयंपाकघर अडीच तास, बाहेरची खोली कालपासून.

कारागिराचं डोकं आधी कारागिराचेच प्रश्न विचारतं. डबी बिघडली का? गरम पाण्याची वाफ? पण वाफ दोन तास टिकत नाही. ऊन? बाथरूमच्या खिडकीला ऊन संध्याकाळचं. ती चौकोनाकडे टक लावून बसली. तो राखाडी झाला. दोन मिनिटं राखाडी राहिला, मग हिरवा. मग तीन मिनिटं राखाडी, मग हिरवा. बिघडलेली डबी सारखी एकसुरी बोंबलते, मधे दम खात नाही. माणूस थकतो. आत कोणीतरी हलत होतं, थकत होतं, थांबत होतं आणि पुन्हा हलत होतं.

आणि मग तिला आपलीच करामत दिसली. चारपैकी एक डबी हिरवी म्हणजे घर हिरवं. चिरंजीवांच्या फोनवर सगळं आलबेल होतं. माणूस निपचित पडलं तर बोंब व्हावी अशी सोय तिने केली होती. माणूस कोंडलं गेलं तर काय, हा विचारच तिच्या डोक्यात आला नव्हता. बाथरूमचा तो एकटा चौकोन अख्ख्या जगात फक्त तिच्या फोनवर दिसत होता, आणि तो तिच्या फोनवर असायलाच नको होता.

तिने बाईंना फोन लावला. वाजला, वाजला आणि बंद झाला. झोपायच्या खोलीचा चौकोन राखाडीच राहिला, म्हणजे उशाशी ठेवलेला फोन वाजत होता आणि तिकडे कोणी गेलं नव्हतं. तिने पुन्हा लावला. खाली मालक डॉक्टरांना तारा दाखवत होते. शिडी अशी कात्रीत सापडली होती, की स्टुलावरून उतरायचं म्हटलं तरी कारण सांगावं लागणार होतं. तोंड उघडलं तर हे दुकान गेलं, पुढची सगळी दुकानं गेली, आणि उद्यापासून त्या दोन खोल्यांत दिवसभर. सासूबाईंचं म्हणणं खरं ठरलं असतं. तोंड नाही उघडलं तर... पुढचं तिला मनातही बोलवेना. दुसरं कोणी येईल का? शेजारी? पण त्या इमारतीतले लोक सकाळीच कामाला जातात, हेही तिला माहीत होतं. नको तेवढं माहीत होतं तिला त्या घराबद्दल.

सात-पाच करण्यात वीस मिनिटं गेली. या वीस मिनिटांची लाज तिला पुढे कायम वाटत राहिली.

मग तिने चिरंजीवांना फोन लावला आणि आधी खोटं बोलून बघितलं. दुकानातून बोलतेय, नेहमीची तपासणी आहे, आईंशी एकदा बोलून घ्याल का. चिरंजीव कामात होते, पण सभ्य माणूस, त्यांनी फोन बघितला.

“घर हिरवं आहे. ‘हालचाल आहे’ असं लिहिलंय. आई फिरतेय घरात. काही अडचण आहे का?”

आता ‘नाही’ म्हणायचं, की सुटली. तेवढी फट उघडी होती. शिडीने डोळे मिटले.

“साहेब, ते घर नाही. ते फक्त बाथरूम आहे. पावणेआठपासून आत आहेत त्या. दार अडकलं असणार.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“माझ्या फोनवर दिसतंय. मी माझा फोन काढलाच नव्हता.”

मग चिरंजीवांनी विचारलं, किती दिवस. आई कशी आहे हे नाही, किती दिवस. शिडीला त्यांचा राग आला आणि त्या रागाने तिला बळ आलं.

“पाच महिने. ते मागून विचारा. किल्ली कोणाकडे असते ते आधी सांगा.”

किल्ली तळमजल्यावरच्या शिंप्याकडे होती. फोन ठेवून तिने खाली बघितलं तर मालक स्टुलाशी उभे होते, हातात ड्रिल, आणि चेहऱ्यावरून कळत होतं की सगळं ऐकलंय. त्यांनी खिशातून गाडीची चावी काढून तिच्या हातात दिली.

“आधी जा,” ते म्हणाले. “बाकीचं उद्या बोलू.”

त्या ‘उद्या’चा अर्थ तिला गाडीत बसेपर्यंत कळून चुकला होता.

शिंप्याच्या दोन मशीन चालू होत्या. वरचं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. तो गळ्यातली टेपही न काढता किल्ली घेऊन जिना चढला. आत शिरल्यावर शिडीने बाथरूमच्या दारावर थाप मारली आणि कान लावला.

“कोण आहे?” आतून आवाज आला. घोगरा, पण वर्गात घुमेल असा.

“मी, बाई. शिडी.”

“ये. दार फोडू नकोस, सावकाश कर.”

हँडल नुसतं गोल फिरत होतं, आतली जीभ काही हलत नव्हती. शिडीने पट्टीचे चार स्क्रू काढले, पट्टी बाजूला केली आणि स्क्रूड्रायव्हरने जीभ मागे ओढली. दार उघडलं. बाई पालथ्या बादलीवर बसल्या होत्या, खांद्यावर टॉवेल. उजवा हात डोक्याच्या वर धरलेला आणि त्याला कोपरापाशी डाव्या हाताचा आधार. नजर कोपऱ्यातल्या डबीवर. हात खाली घ्यायला त्यांना जमत नव्हतं. शिडीने तो दोन्ही हातांनी धरून हळूहळू खाली आणला, तसं बाईंनी खालचा ओठ दातात धरला.

शिंपी पाणी देऊन, दोनदा ‘देवाची कृपा’ म्हणून खाली गेला. बाई बाहेरच्या खोलीत बसल्या. शिडी समोर उभी राहिली. आता सांगून टाकायला हवं होतं.

“बाई, मी तुमचं घर बघत होते. पाच महिने. कागदावर खोटं लिहिलं मी.”

“माहीत आहे.”

शिडीला वाटलं, चिरंजीवांचा फोन येऊन गेला असेल. पण फोन तर अजून झोपायच्या खोलीत होता. बाईंनी दाराजवळच्या पॅनेलकडे मान वळवली. त्या पॅनेलच्या अगदी शेवटी एक पान असतं, जोडलेल्या फोनचं. ग्राहक काही तिथवर जात नाहीत. बाईंनी मात्र माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, समासात खुणा करत वाचली होती. त्या पानावर प्रत्येक फोनपुढे लिहिलेलं असतं, शेवटचं कधी पाहिलं.

“पहिल्याच आठवड्यात कळलं मला,” बाई म्हणाल्या. “तुमच्या मालकांना फोन करायला नंबरही काढून ठेवला होता. फोन दोन, सकाळी सहा दहा. रोज सहा दहा. म्हटलं, कोण आगाऊ बाई आहे ही.”

“मग केला का नाहीत?”

“मग एकदा तू दोन दिवस बघितलं नाहीस.”

आजारी होती तेव्हा. शिडीला आठवलं.

“मला करमेना,” बाई म्हणाल्या. “फोन एक म्हणजे आमचे चिरंजीव, त्यापुढे काल रात्रीपर्यंत काय लिहिलेलं होतं सांगू? सतरा दिवसांपूर्वी. त्याचं चुकत नाही. लाल झालं नाही तर बघायचं कशाला? तो आपल्या कामात असतो. पण आज तीन तास मी हात कोणासाठी हलवत होते असं तुला वाटतं? त्याला तर मीच तिथे बंदी केली होती.”

शिडीला रडू आलं. तिने ते येऊ दिलं. वीस मिनिटं आपण स्टुलावर बसून राहिलो, हे तिला सांगायचं होतं, पण ते काही तिच्या तोंडून निघालं नाही.

तेवढ्यात आतला फोन वाजला. शिडीने तो आणून दिला. चिरंजीव आईचा आवाज ऐकून आधी रडले, खरोखर रडले, आणि मग सावरल्यावर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. त्या बाईचा फोन आत्ताच्या आत्ता काढायचा. आणि सगळ्या खोल्या, बाथरूमसकट, त्यांच्या पडद्यावर दिसल्या पाहिजेत. नाहीतर या महिन्याअखेर आईने त्यांच्याकडे यायचं. यावर चर्चा नको.

ज्या बाईंनी चाळीस वर्षं अख्ख्या वर्गाला गप्प बसवलं, त्या स्वतः गप्प बसलेल्या बघणं शिडीला सोसवेना. त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि शिडीला म्हणाल्या, “कर.”

शिडीने केलं. चारही चौकोन चिरंजीवांच्या पडद्यावर टाकले. काम केलं की चालून बघायचंच, म्हणून ती चालली. झोपायची खोली, स्वयंपाकघर. चिरंजीव फोनवरून सांगत होते, दिसतंय, दिसतंय. बाथरूममध्ये ती उंबऱ्याशी क्षणभर थांबली आणि मग आत गेली. “हो, हेही दिसतंय,” ते म्हणाले. मग तिने बाईंच्या देखत आपला फोन काढला. पॅनेलवर लिहून आलं, जोडलेले फोन : एक. कागदावर या वेळी तिने खरं लिहिलं. बाईंचा उजवा हात उठत नव्हता, म्हणून त्यांनी डाव्या हाताने सही केली.

मालकांचा निरोप येऊन पडला होता. उद्या येताना अवजारांची पेटी आणि ओळखपत्र जमा कर. बाईंनी तो तिच्या चेहऱ्यावर वाचला असावा, कारण त्यांनी काही विचारलं नाही.

“आता तुला इथलं काहीच दिसणार नाही?”

“नाही, बाई.”

“मग जरा बस. लगेच जाऊ नकोस.”

शिडी त्यांच्या शेजारी बसली. तिचं घर तिची वाट बघत होतं, आठ माणसांचं, आणि उद्यापासून ते तिला सकाळी सोडणारही नव्हतं. बाईंच्या हातावर तिने आपला हात ठेवला. दोघी समोरच्या पॅनेलकडे बघत राहिल्या. कोणी हललं नाही. थोड्या वेळाने बाहेरच्या खोलीचा चौकोन राखाडी झाला आणि त्यात लिहून आलं, हालचाल नाही. मग एक मिनिट. मग दोन. दोघींपैकी कोणीही हात उचलला नाही.